पंचनाम्यात नसलेला रकाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'दरडप्रवण गावांना स्थलांतराच्या नोटिसा' ही बातमी आपल्या अंकात यंदाही आली. मे महिना सरत आला की ती येतेच. त्या नोटिसा चिकटवण्याचं काम मी पाटण तालुक्यात कैक वर्षं केलंय. एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीला, एक पोलीस पाटलाकडं आणि एक घरमालकाला, त्याची सही घेऊन. सही करता करता तो माणूस दरवर्षी तेच विचारायचा, "भाऊसाहेब, जायचं कुठं?" आणि मी दरवर्षी तेच सांगायचो, "वरनं कळंल." वरनं काय कळायचं, ते तुम्ही छापतच असता. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मी मात्र तलाठी म्हणूनच २०२२ साली निवृत्त झालो.

पत्र लिहायचं कारण नोटिसा नाहीत. मुलगा जपानात कुमामोतोजवळ चिपच्या कारखान्यात नोकरीला आहे. गेल्या एप्रिलात त्यानं आम्हा दोघांना महिनाभर तिकडं नेलं, आणि एका शनिवारी समुद्रापल्याडचं शिमाबारा नावाचं गाव दाखवलं. तिथं जे बघितलं ते तेव्हापासून डोक्यातनं जात नाही. आमची मंडळी म्हणाल्या, "रोज मला सांगण्यापेक्षा पेपरला लिहा." म्हणून लिहितोय. लांबलंय, कात्री लावायला माझी हरकत नाही, फक्त वहीबद्दलचा मजकूर तेवढा ठेवा.

शिमाबारा म्हणजे चाळीसेक हजार वस्तीचं बंदराचं गाव, आपल्या फलटणपेक्षा लहानच. पुढं आरिआके नावाचा उथळ, शांत समुद्र आणि पाठीमागं डोंगर. कुमामोतोहून गाडीसकट बोटीत चढलो की तासाभरात पलीकडं. आम्हा सातारकरांना समुद्र माहीत तो गणपतीपुळ्याचा, तोही चपला हातात धरून. त्यामुळं बोट हलली तशी मंडळींनी रेलिंग जे धरलं ते उतरेपर्यंत सोडलं नाही. बोटीमागं पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागला होता आणि लोक त्यांना हातानं खाऊ घालत होते. मी बघत होतो समोरचा डोंगर. पुढं एक बुटका, हिरवा, पण मधोमध चावा घेतल्यासारखा. त्याच्या मागं उंच, उघडाबोडका, माथ्यावर राखी दगडांचा ढीग.

मुलगा म्हणाला, "अण्णा, पुढचा मायुयामा. भुवईचा डोंगर. त्याचा चावा १७९२ चा. मागचा ढीग १९९० नंतरचा, माझ्यापेक्षा थोडाच मोठा."

भुवईच्या डोंगराची गोष्ट अशी. १७९२ च्या मे महिन्यात भूकंपाच्या धक्क्यानं त्याचा अख्खा अंग सुटला, गावावरून घसरत समुद्रात गेला आणि समुद्र उसळला. ती लाट आम्ही ज्या पाण्यातून तासाभरात आलो तेच पाणी ओलांडून कुमामोतोच्या काठावर आदळली. दोन्ही काठ मिळून पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली. कुमामोतोच्या मुलखाचं जुनं नाव हिगो. तिथं अजून म्हण आहे: शिमाबारात प्रलय, हिगोला ताप. महादजी शिंदे त्याच साली उत्तरेतून पुण्याला येत होते. आपण ती हकीकत शाळेत घोकली आणि विसरलो. तिथल्या लोकांच्या तोंडी डोंगर पडल्याची म्हण झाली. बंदराजवळ समुद्रात झाडं उगवलेली लहान लहान बेटं दिसतात, ती त्या पडलेल्या डोंगराचीच ढेकळं आहेत. बोट त्यांच्या बाजूनं आत शिरते.

गावात शिरल्यावर आधी दिसलं ते पाणी. रस्त्याकडेच्या पाटातून नितळ पाणी वाहतंय आणि त्यात हातभर लांबीचे तांबडे-पांढरे मासे. गटार म्हणावं तर तळ दिसतोय. डोंगरावर मुरलेलं पाणी गावात जागोजागी झऱ्यानं वर येतं. गावात एक तळं आहे, तेही १७९२ च्या उलथापालथीत जमीन खचून झालेलं. एके ठिकाणी वाहत्या झऱ्याचे चार हौद केलेत. पहिला पिण्याचा, पुढचे धुण्याविसळण्याचे, आणि कुठल्या हौदात काय करायचं याचा नियम ठरलेला. नियम मोडणारा मला तरी कोणी दिसला नाही. महादऱ्याच्या तळ्यातलं पाणी खापरी नळानं आपल्या पेठांतल्या हौदांत येत होतं, ते सांगणारी म्हातारी माणसं माझ्या लहानपणी होती. आता हौद शोधायचा तर त्यावर उभ्या केलेल्या दुचाक्या आधी हलवाव्या लागतात. असो, ते वेगळं पत्र होईल. हौदाशेजारी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या गोळ्या गार गोड पाकात घालून देतात. मंडळींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं बाई, मोदकाची उरलेली पारी." सूनबाईंना हसू आवरेना.

किल्लाही बघितला. पांढराशुभ्र, चेरी फुललेली, पण बुरूज १९६४ साली नव्यानं बांधलेला, म्हणजे माझ्याच वयाचा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्याला त्याचं काय कौतुक? पुढं चला म्हटलं.

आणि मग मुलानं गाडी मिझुनाशी नदीकडं घेतली. मिझुनाशी म्हणजे बिनपाण्याची. एरवी कोरडी असते म्हणून ते नाव. १९९० च्या नोव्हेंबरात, जवळजवळ दोनशे वर्षांनी, मागचा उन्झेन डोंगर जागा झाला. तिथला लाव्हा आपल्या ऐकण्यातल्यासारखा वाहत नाही. मला तो गुऱ्हाळावरून समजला. काकवी पातळ असते, ओतली की पसरते. पण पाक घट्ट झाला की पसरत नाही, ढेप होते. उन्झेनचा लाव्हा ढेपेचा. तो माथ्यावर फुगत फुगत वर येतो, कडा फाटते, आणि तुटलेला तापलेला भाग राख-वाफेच्या लोटासकट उतारावरून खाली धावतो. त्याच्यापुढं माणूस पळू शकत नाही. असे लोट पाच वर्षांत हजारांनी सुटले. मग पाऊस आला की माथ्यावरची सगळी सैल राख-दगड चिखल होऊन नदीतून खाली. ज्वालामुखीनं सोडलेलं पावसानं गाठलं.

त्या चिखलानं १९९२ च्या ऑगस्टमध्ये गाडलेली घरं त्यांनी जशीच्या तशी ठेवलीत. एकूण अकरा. काही उघड्यावर, काही तंबूसारख्या मोठ्या छपराखाली. तिकीट नाही. सरासरी गाडलं गेलंय २.८ मीटर, म्हणजे सव्वानऊ फूट. तलाठ्याची खोड जात नाही, मी पावलं टाकून एका घराची लांबी काढायला लागलो. कौलारू छप्पर माझ्या कमरेला लागत होतं. कौलाची कड हातानं चाचपता येत होती, आणि एका कोपऱ्यात कौलाखाली गोल दगड अडकलेला, नारळाएवढा, राखी रंगाचा. आपल्या काळ्या पाषाणासारखा नाही, फिकट. खिडकीचा वरचा निम्माच भाग जमिनीवर. आत वाकून बघितलं तर खोलीत माती भरलेली आणि तिच्यावर छताच्या पट्ट्या लोंबलेल्या. म्हणजे छप्पर माझ्या कमरेशी, तर उंबरठा माझ्या पायाखाली सव्वानऊ फूट. हे कळतं तेव्हा पाऊल उचलावंसं वाटतं.

मंडळी बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "आत माणसं?" मुलगा म्हणाला, "नाही आई. आधीच हलवली होती. ह्या घरांत कोणी गेलं नाही." त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मग बरंय. मग बघवतंय."

त्यांचं हे वाक्य मला पुढं उपयोगी पडलं. त्याकडं येतोच.

आता माझं. २०२१ च्या जुलैत काय झालं, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस मोजला गेला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. वाई तालुक्यात देवरुखवाडी. मी त्या वेळी पाटण तालुक्यातच होतो. कुठल्या सजात, म्हणजे तलाठ्याच्या कुठल्या हद्दीत, ते लिहीत नाही, कारण पुढं जे लिहितोय त्यातली माणसं ओळखू येतील. ज्या वाड्यांची नावं पेपरात आली त्यांच्या पलीकडंही कितीतरी वाड्यांवर डोंगर थोडाथोडा खाली आला होता. कुठं गोठा गेला, कुठं भाताची खाचरं गेली, कुठं निम्मं घर. तिथं पंचनामे करायला मी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं चालत गेलो. रस्ता नव्हताच. प्लॅस्टिकच्या पिशवीत छापील फॉर्म, पिशवीत कार्बन, आणि फॉर्म वाचता येईना इतका ओला.

पंचनाम्याचा फॉर्म ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घर पक्कं की कच्चं. पडझड पूर्ण की अंशतः. कपडे, भांडीकुंडी. दुधाळ जनावरं किती, ओढकामाची किती. जमीन खरडून गेली असेल तर क्षेत्र, गट नंबर. मग पंचांच्या सह्या, अंगठे. सगळे रकाने बरोबर आहेत, मदत त्यावरच मिळते, मी त्याला नावं ठेवत नाही. पण प्रत्येक अंगणात माणसं मला भलतंच सांगत होती. एक म्हातारा माझा हात धरून गोठ्यामागं घेऊन गेला आणि म्हणाला, "आषाढी एकादशीच्या आदीच हितं भेग पडली व्हती. चार बोटं. मी पोराला म्हनलो, बुजव. त्यानं शेण लावलं." एक बाई म्हणाली, आठ दिवस विहिरीचं पाणी चहासारखं येत होतं. कोणी म्हणालं, पडवीचा दरवाजा पुनवेपासून लागत नव्हता, चौकट कलली म्हणून सुतार बोलवायचा होता. कोणी म्हणालं, घराच्या वर कधी नव्हता तिथं झरा फुटला, पोरं त्यात खेळत होती. आणि एकजण, हे मी विसरत नाही, म्हणाला, "फणस वाकडा झाला. चाळीस वर्सं सरळ हुता. पाऊस हाय म्हनलं."

हे कुठल्या रकान्यात लिहू? मी वरच्या साहेबांना फोन लावून विचारलं. साहेब म्हणाले, "तो विषय आपला नाही, तुम्ही नुकसान लिहा." साहेबांचीही चूक नव्हती. त्यांना संध्याकाळपर्यंत आकडा वर पाठवायचा होता. म्हणून मी ते माझ्या खिशातल्या डायरीच्या मागच्या पानांवर लिहून घेतलं. किती बोटं, किती दिवस आधी, घरापासून वरच्या बाजूला किती पावलं. सात वाड्या, एकूण एकतीस नोंदी. चार वर्षं ती डायरी कपाटात पासबुकांखाली पडली होती.

शिमाबाराच्या संग्रहालयात गेलो तेव्हा ती आठवली. संग्रहालयाच्या नावात त्यांचा बोलीतला शब्द आहे, गामादासु, म्हणजे नेटानं कष्ट करणं, आपल्याकडं कंबर कसणं म्हणतात तसं. तिथं वितळलेला टीव्हीचा कॅमेरा ठेवलाय. ३ जून १९९१ च्या दुपारी चारच्या सुमारास आलेल्या लोटात ४३ माणसं गेली. त्यांत क्राफ्ट नावाचं फ्रेंच नवरा-बायको आणि ग्लिकन नावाचे अमेरिकन, असे ज्वालामुखीचेच तीन अभ्यासक होते. पण निम्म्याच्या आसपास पत्रकार आणि त्यांचे टॅक्सीवाले. डोंगर चांगला दिसतो म्हणून ते लोक रिकामी करायला सांगितलेल्या जागी तळ देऊन बसले होते. त्यातले काही गाव सोडून गेलेल्यांच्या घरात शिरून वीज वापरत होते. ते कळल्यावर राखण करायला गावचे स्वयंसेवक अग्निशामक पोरगे परत वर गेले. त्या लोटात ते बाराजणही दगावले. टॅक्सीवाले तर नुसते भाड्यासाठी थांबलेले. ती जागा आता स्मारक आहे, आणि पुरलेल्या जळक्या टॅक्सी उकरून काढून तिथंच मांडल्यात. यात बातमीदारांचा कमीपणा त्यांनी झाकलेला नाही, आणि मेलेल्यांचा अपमानही केलेला नाही. जपान म्हटलं की आपल्याकडं आरती ओवाळायची पद्धत आहे. मी ओवाळत नाही. जागा सोडायची सूचना होती आणि ती मोडली गेली, तिथंही. फरक एवढाच, की ती कशी मोडली हे तिसऱ्या पिढीला सांगायची त्यांना लाज वाटत नाही.

तिथून थोडं वर जळालेली शाळा आहे, ओनोकोबाची. १५ सप्टेंबर १९९१ ला लोटानं जाळली. मुलं आधीच दुसरीकडं हलवलेली होती, म्हणून सगळी वाचली. इमारत तशीच ठेवलीय, खिडक्यांच्या चौकटी वाकलेल्या. अंगणात गिंको नावाचं झाड आहे, तेही त्या दिवशी जळालं होतं, आणि दुसऱ्या वर्षी त्याला पालवी फुटली. आम्ही गेलो तेव्हा त्याला नुकती बारीक पानं येत होती, पंख्याच्या आकाराची. सूनबाईंनी फोनमध्ये फोटो दाखवले. दर ३ जूनला गावातली शाळेची मुलं स्वतः मेणबत्त्या करतात आणि संध्याकाळी लावतात. ज्यांच्यासाठी लावतात त्यांच्यातल्या एकालाही त्या मुलांनी पाहिलेलं नाही.

आणि वर डोंगर अजून निवांत झालेला नाही. माथ्यावरचा तो ढीग, त्याला आता नवा डोंगर म्हणून नाव आहे, उंची १,४८३ मीटर, अजून दरवर्षी काही सेंटीमीटर सरकतो, आणि ते मोजतात. खाली नदीत एकापुढं एक काँक्रीटचे बांध. ते बांधताना माणूस पुढं घालायचा नाही म्हणून लांबून चालणारी खोदाई यंत्रं तिथंच घडवली. हे सगळं पैशाचं काम आहे, मान्य. मी बांध मागत नाही.

आपला डोंगरही आगीचाच, एवढंच लक्षात आणून देतो. फक्त आपली आग काकवीसारखी पातळ होती. साडेसहा कोटी वर्षांमागं जमिनीच्या भेगांतून ती थरावर थर पसरत गेली. महाबळेश्वरच्या बाजूला ते थर हजार मीटरहून जाड आहेत. कासला जाताना यवतेश्वराच्या घाटात किंवा खंबाटकीत डोंगर कापलाय तिथं काळ्या पट्ट्या दिसतात, मधे कुठं तांबडी पट्टी. ती दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात कुजलेली, पुढच्या लाव्ह्यानं भाजलेली माती. माथ्याला जांभा. आपल्या घरांचा दगड, गडाचा दगड, पाट्या-वरवंट्याचा दगड, सगळा त्यातला. पुन्हा लाव्हा येईल ही भीती आपल्याला नाही. पण वरचा दगड कुजून त्याची चिकण माती झालेली, खाली अखंड पाषाण, आणि मधे पाणी शिरलं की वरचं सगळं भिजलेल्या गोधडीसारखं खाली येतं. तिथं ज्वालामुखीनं राख दिली आणि पावसानं ओढून आणली. इथं राख नाही, बाकी ओढणारा तोच.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांचा. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. मला आठवत काहीच नाही. आई सांगायची, "तुला गोधडीसकट उचललं आणि अंगणात टाकलं, तू उठलापण नाहीस." आमच्या घराची मागली भिंत त्यात पडली. आज माझ्या गावात भूकंप बघितलेली माणसं दोन हातांच्या बोटांवर मोजावीत. त्यांनी काय बघितलं, कुत्री भुंकली का, पाण्याचं काय झालं, हे कुणी वहीत लिहून घेतलेलं मला माहीत नाही. माझ्या आईचंही मी लिहून घेतलं नाही, आणि मी लिहिण्याचाच पगार घेत होतो.

म्हणून मागणं. पाटण तालुक्यात अशी घरं, गोठे अजून आहेत की ज्यात निम्मी दरड शिरली आणि माणूस गेलं नाही. त्यातलं एक, मालकाची राजीखुशी असेल तर, त्याला मोबदला देऊन, आहे तसं ठेवावं. ज्या घरात माणसं गेली तिथं हात लावू नये. ते घर बघायची वस्तू नाही, तिथं फार तर नावं असावीत. माळीणला स्मृतिस्तंभ आहे तसं. आमच्या मंडळी म्हणाल्या तेच: माणूस गेलं नसेल तर बघवतं, आणि बघवलं तरच बघणारा नीट बघतो. त्या गोठ्यापाशी पत्र्याची एक पाटी लावावी. त्यावर मंत्र्यांची नावं नकोत. भेग किती बोटं होती, किती दिवस आधी दिसली, कुठं दिसली, विहिरीचं पाणी कसं झालं, फणस कुठल्या बाजूला वाकला, एवढं लिहावं. आणि पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाई इथल्या शाळांनी दर जूनला, पाऊस लागायच्या आत, पाचवीच्या पुढची पोरं एकदा तिथं न्यावीत. सहलीला प्रतापगड बघतातच, त्या वाटेवर हेही एक.

दुसरं, पंचनाम्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवावा: घटनेपूर्वी काय दिसलं. एक ओळ पुरे. त्याला पैसा लागत नाही, छपाई दरवर्षी होतेच.

लोक म्हणतील, नोटिसा देतोच की आपण. नोटिसेत 'आपले घर दरडप्रवण क्षेत्रात असल्याने सुरक्षित ठिकाणी स्थलांतरित व्हावे' असं असतं. हे वाक्य मी इतक्या वेळा चिकटवलंय की झोपेतही म्हणेन. त्या वाक्यानं एकही म्हातारा गोठ्यामागं भेग बघायला गेलेला मला माहीत नाही. पण शेजारच्या वाडीत चार बोटं भेग पडली आणि चार दिवसांनी गोठा गेला असं जर त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असतं, तर त्यानं शेण लावून ती बुजवली नसती. पोराला घेऊन तो उतरला असता. निदान म्हशी तरी उतरवल्या असत्या.

परत येताना संध्याकाळच्या बोटीत मंडळींनी रेलिंग धरलं नाही. मागं भुवईचा डोंगर सावलीसारखा दिसत होता आणि त्या म्हणाल्या, "एवढं डोक्यावर पडूनसुद्धा ही माणसं त्याच्याच पायथ्याला राहतात व्हय?" मी म्हटलं, आपण कुठं राहतो? त्या म्हणाल्या, "आपल्याला ठावं कुठं हाय."

तर डायरीबद्दल. एकतीस नोंदी आहेत, गावांची आणि माणसांची नावं झाकून त्या मी वेगळ्या वहीत सुवाच्य लिहून काढल्यात. कुठली शाळा, कॉलेजातले भूगोलाचे सर, किंवा एखादी ग्रामपंचायत मागेल तर झेरॉक्स देईन, खर्च माझा. आपल्या कचेरीत एक प्रत उद्या आणून ठेवतो. मूळ डायरी मात्र देणार नाही, तिच्यात भिजलेल्या फॉर्मची शाई उतरलीय आणि ती माझ्याकडंच बरी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त तलाठी
गोडोली, सातारा
(नाव आपल्याकडं दिलेलं आहे, छापू नये.)